बुधवारची सुई आणि रोजची प्रार्थना

ज्याच्या अंगावर फिकट चट्टा उठला आहे आणि जो तो सदऱ्याच्या बाहीखाली झाकून हिंडतो आहे, त्याच्यासाठी मी हे लिहीत आहे. बाकीच्यांनी वाचले तरी हरकत नाही. मी पाद्री नाही, मास्तर नाही. मी हेडी आहे, म्हणजे बैलांचा व्यापार करतो. माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा. तेव्हा यात उपदेश कमी आणि फजिती जास्त सापडेल.

जन्म आसेगावचा. लहानपणी दुष्काळात आईबाप गेले आणि मिशनच्या अनाथाश्रमाने मला उचलले. तिथे शास्त्र, म्हणजे बायबल, शिकलो, सुतारकीही शिकलो. शास्त्र राहिले, सुतारकी सुटली. सतराव्या वर्षी एका म्हाताऱ्या हेड्याच्या मागे बैल हाकत निघालो. चाळिशीपर्यंत वाशिमात घर, गोठा, बायको, एक लेक आणि बाजारात नाव, एवढे मिळवले. कोणी दिले नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आजारपणात हाच ताठा वारंवार आडवा आला.

केनवडचा बाजार

आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटे दाबून सांगायचे. शेजारी उभ्या असलेल्यालाही कळता कामा नये. तोंडाने भाव बोलणारा हेडी हा हेडीच नव्हे.

त्या दिवशी हबीबभाई नावाचा जुना व्यापारी माझी पांढरी जोडी पाहत होता. त्याने रुमालाखाली माझा उजवा हात धरला आणि दाबला. मला दोन बोटे लागली. डोके फिरले.

"दोन? कसायाकडं नेऊन राह्यलो का मी ही जोडी?" मी भर बाजारात ओरडलो.

आजूबाजूचे सगळे आमच्याकडे वळले. हबीबभाई हसला नाही की भांडला नाही. जवळ सरकून हळूच म्हणाला, "पौलसशेठ, मी चार दाबली. अजून दाबूनच राह्यलो, पाहा."

त्याने रुमाल बाजूला केला. माझी चारही बोटे त्याच्या मुठीत होती. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट तो चांगले आवळत होता. मला ते दिसत होते. लागत नव्हते.

"हात सुन्न झाला का तुमचा?"

"तुह्या बापाचा झाला असंन," मी म्हणालो आणि जोडी न विकता परत हाकली. वाशिमपर्यंत सारी वाट मी ती दोन बोटे दाताखाली धरून पाहत होतो.

काजळ

बोटांच्या आधी चट्टा होता. उजव्या हातावर, कोपराच्या खाली, रुपयाएवढा, तांबूस फिकट. खाजत नव्हता, दुखत नव्हता. दुखला असता तर मी वैद्याकडे गेलो असतो.

बैलाच्या अंगावर खोडीचा, म्हणजे भाव पाडणारा, ठिपका असला तर काही हेडी काय करतात, ते मला माहीत होते. एरंडेलात काजळ खलायचे, रंग जुळवायचा आणि केसांच्या मुळाशी चोळायचे. दोन बाजार तरी निभावते. मी तेच स्वतःला लावले. रोज सकाळी गोठ्यात जायचो, बाही वर करायचो आणि स्वतःच्या कातड्याचा रंग जुळवायचो. असे पाच महिने केले. सकाळची प्रार्थना मी पूर्वी गोठ्यातच करीत असे. त्या पाच महिन्यांत ती वेळ काजळाला गेली आणि ते माझ्या ध्यानातही आले नाही.

राहेलने, माझ्या बायकोने, धुण्याच्या दगडावर सदरा उलटा केला आणि आतली बाही पाहिली.

"आवो, हे काय हाये?"

"वंगण. बैलबंडीचं."

"बंडीचं वंगण बाहीच्या आतून लागते का?" तिने माझा हात धरला, ओल्या पदराने पुसला आणि पाहत राहिली. मी हात हिसकला. घरात त्या दिवशी मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती सगळे ऐकून घेऊन म्हणाली, "झालं? मंग पायात वाहाना घाला. दवाखान्यात जायचं हाये."

कापसाचा बोळा

मिशनचा दवाखाना स्टेशनच्या वाटेवर होता. डॉक्टरीणबाई विलायतेच्या. त्यांचे मराठी अगदी पुस्तकातले.

"पौलस, आपण डोळे मिटा. मी कापसाने स्पर्श केला म्हणजे 'आहे' असे म्हणा."

वाटेल की माणूस इथे तरी खरे बोलेल. मी डोळे मिटून त्यांच्या श्वासाकडे कान दिला. हात पुढे करताना माणूस किंचित श्वास धरतो, हे बाजारात शिकलेले. श्वास थांबला की मी म्हणे, "आहे." पुन्हा थांबला, "आहे." सात-आठ वेळा झाले. मला वाटले, जमला सौदा.

"पौलस," बाई म्हणाल्या, "शेवटच्या तीन वेळी मी स्पर्श केलाच नव्हता."

राहेल भिंतीशी उभी होती. तिने पदर तोंडावर घेतला.

बाईंनी कानाच्या पाळीला बारीक चीर दिली, काचेच्या पट्टीवर काही घेतले आणि सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली बराच वेळ पाहिले. मग तो शब्द उच्चारला. महारोग. आमच्याकडे रगतपिती म्हणतात, आणि म्हणताना आधी दार लोटून घेतात.

"एक वर्ष दर बुधवारी सुई घ्यावी लागेल," त्या म्हणाल्या. "निजणे, जेवण, कपडे वेगळे. कन्येला जवळ घ्यायचे नाही. वर्षानंतर पुन्हा तपासू. रोग वाढलेला दिसला तर आपणाला अमरावतीच्या पलीकडील महारोग्यांच्या आश्रमात जावे लागेल. एकट्याने. तेथून परत केव्हा, हे मला सांगता येणार नाही."

"सहा महिने धरा ना बाई. दोन सुया एकदमच द्या."

"हा बाजार नव्हे, पौलस."

शांती, माझी लेक, तेव्हा नऊ वर्षांची होती. मी आश्रमातच वाढलो होतो. घंटा झाली की उठायचे, रांगेत जेवायचे, आणि आपले म्हणून कोणी दार उघडत नाही. त्यातून निघून मी एक घर उभे केले होते. आता रोग वाढला तर वर्षभराने मला पुन्हा त्याच शब्दाकडे, आश्रमाकडे, पाठवणार होते. त्या दिवसापासून माझ्या मनात दुसरा विचार आला नाही. सकाळी डोळे उघडण्याआधी हाच येई.

ओट्यावरची चटई

आमच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, दाऊद मास्तर. मिशनच्या शाळेत शिकवत. आम्ही दोघे एकाच आश्रमात वाढलेलो, एका थाळीत जेवलेलो. पुढच्या रविवारी मी आमच्या प्रार्थनामंदिराच्या पायऱ्या चढलो तर ते दारातच उभे होते. त्यांना कोणी सांगितले, मला आजपर्यंत कळलेले नाही.

"पौलस, तू आज बाहेर ओट्यावर बस. चटई टाकली हाये."

"कोन म्हणते?"

"मी म्हणतो. आन् प्रभुभोजनाचा प्याला साऱ्यायचा एकच, तो आत्ता तुले देता येत नाही. बाकीच्यायले भेव वाटते."

"डॉक्टरीणबाईनं मंदिराची गोष्ट केली नाही. तू कोन करनारा? बाईपेक्षा शहाना झाला का तू?"

"आवाज खाली कर. लेकरं हायेत."

माझ्याच लेकीसमोर, साऱ्या मंडळीसमोर. मी चटई उचलली आणि त्यांच्या पायांवर फेकली. राहेल आणि शांती आत गेल्या की माझ्यामागे आल्या, हेही पाहिले नाही. तडक घरी आलो. ती गोष्ट मी आजही विसरलेलो नाही आणि विसरल्याचे सोंगही आणत नाही.

अबोला

आधी मी देवाशी सौदा केला. चांगली जोडी मिशनला देईन. दारूचा थेंब घेणार नाही. तो तसाही घेत नव्हतो. रागावणार नाही, हे दोन दिवस टिकले. एका सुतळीने मी चट्टा मोजून ठेवला होता, काठावर गाठ मारून. सौदा केला की मोजायचा. दिवसातून दहा-दहा वेळा मोजायचा. एकदा गाठीच्या बाहेर चट्टा दिसला. मग राहेलने पाठ पाहिली. पाठीवर आणखी एक होता.

त्या दिवशी मी देवाशी बोलणे टाकले. मनात म्हटले, एकाने दारातून हाकलले, दुसऱ्याने ऐकूनच घेतले नाही, दोघे एकाच घरचे.

राहेल माझ्याशी वाद घालत बसली नाही. सुतळी तिने चुलीत टाकली. आणि दिवेलागणीला, पूर्वीसारखीच, शांतीला घेऊन उंबऱ्याच्या आत बसली. माझी निजण्या-बसण्याची जागा आता बाहेर ओट्यावर होती. राहेलला वाचता येत नाही. घरात वाचायचा मी. आता तिने शास्त्र शांतीच्या मांडीवर ठेवले.

शांती अडखळत वाचू लागली. एक ओळ दोनदा, मध्येच एक ओळ गाळून. मला वाचनातली ढिलाई सहन होत नाही. आश्रमात एका चुकीला एक छडी होती.

"ओळ गाळली," मी ओट्यावरून म्हणालो.

आत पुढचीच ओळ सुरू झाली.

"गाळली म्हणतो ना! वरतून वाच."

"तुमाले काय करायचं?" राहेलचा आवाज. "तुमचा तर अबोला हाये."

"अबोला असला म्हणून चुकीचं ऐकू का?"

पोर खुदकन हसली. तिने वरून वाचले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकली, पुन्हा मी ओरडलो. आठवडाभराने मी दाराकडे तोंड करून बसू लागलो, चुका नीट ऐकू याव्यात म्हणून. पुढे केव्हातरी राहेल म्हणाली, "आता तुमीच म्हणा वरून, लेकरू तुमच्या मागं म्हनंन," आणि मी म्हटले. माझी श्रद्धा अशी परत आली. कुठलाही प्रकाश पडला नाही. पोरीचे वाचन सुधारायचे होते.

बुधवार

दवाखान्याच्या मागे कडुलिंबाखाली एक लांब बाक होता. आम्ही दहा-बारा जण. सुई जाड, औषध म्हणजे कडू कवठीचे तेल. ते आत जाताना हाडात कोणी खुंटी ठोकावी तसे वाटे. संध्याकाळी ताप. गुरुवारी उठवत नसे. शुक्रवारी बरे, आणि मंगळवारपासून पुन्हा सुई डोळ्यांपुढे.

बाकावर माझ्या शेजारी गंगाबाई माळीण बसे. गावाबाहेरच्या मळ्यात वांगी-मेथी पिकवायची. तिच्या भावजयीने तिची भाजी बाजारात न्यायची बंद केली होती.

एकदा मी तोंडातल्या तोंडात प्रार्थना पुटपुटत होतो. ती म्हणाली, "काय पुटपुटून राह्यले भाऊ?"

"आमच्या देवाचं हाये. तुमचं नाही."

"मले कायले पाहिजे कोनाचं हाये ते? मोठ्यानं म्हणा. सुई टोचतानी कान तिकडं राह्यते."

मग मी मोठ्याने म्हणू लागलो. दर बुधवारी एकच स्तोत्र, तेच. बाकावरचे हिंदू, मुसलमान, सगळे ऐकत. एकदा मी रागात होतो, म्हटले नाही, तर गंगाबाईने सर्वांसमोर विचारले, "काहून भाऊ, देव आज गावाले गेला का?" मला हसू आले आणि म्हणावेच लागले.

बाईंनी एक गोष्ट शिकवली, ती रोगाइतकीच प्रार्थनेला उपयोगी पडली. माझ्या दोन बोटांना चटका बसला तरी कळत नसे. एकदा चिलमीच्या निखाऱ्याने कातडी जळल्याचा वास आला तेव्हा कळले. बाई म्हणाल्या, "जे जाणवत नाही ते रोज डोळ्यांनी पाहावे. एक वेळ ठरवा. आणि ती वेळ चुकवू नका." आम्ही दिवेलागण ठरवली. राहेल दिवा धरी, मी हातपाय उलटेसुलटे करून दाखवी, ती हातभर लांबून पाही. जखम नसली की म्हणे, "बरं हाये, वाचा आता." मग वाचन, एक गीत, प्रार्थना.

ज्याला हा रोग आला आहे त्याला एवढेच सांगतो. वेळ ठरवून घे. मनात आले की प्रार्थना करीन, असे म्हटलेस तर भीतीच्या दिवसात मनात येणारच नाही. मन दुसरीकडे गुंतलेले असते. मोठ्याने म्हण, कारण मनातल्या मनात म्हटले की दुसऱ्या ओळीपासून भीती बोलू लागते. एकटा करू नकोस, निदान कोणाच्या तरी कानावर पडू दे. आणि काही वाटले नाही तरी उठू नकोस. मला कितीतरी दिवस काहीच वाटले नाही. शब्द त्या दोन बोटांसारखे सुन्न होते. तरी ती अर्धी घटका सोडून दिवसातल्या बाकी सर्व वेळी मला अमरावतीची वाट दिसे.

मास्तर

प्रभूच्या प्रार्थनेत एक जागा आहे, जिथे आपल्याविरुद्ध अपराध करणाऱ्यांना क्षमा केल्याचे आपण म्हणतो. तिथे आलो की माझा आवाज बंद होई. शांती एकटीच पुढे म्हणे आणि मी नंतर येऊन मिळे. राहेलला ते कळले होते.

अकराव्या महिन्यात दाऊद मास्तर घरी आले. अंगणाच्या कडेला उभे राहिले.

"पौलस, चटई अजून टाकतो मी दर रविवारी. तू येत नाहीस."

"मी नाही येनार. आधी तू बस तिच्यावर. एक रविवार साऱ्यायसमोर बाहेर बसून दाखव, मंग मी येतो."

मला वाटले, ते चिडतील. मला तेच हवे होते. ते खाली बसले, अंगणातच, मातीत.

"मले भेव लागते, पौलस," ते म्हणाले. "लई भेव लागते. आश्रमाचे लोक मले घ्यायले आले ना, तवा माही माय जिती होती. तिले हेच होतं. बोटं गेली होती. ती दुरून म्हने, जा बापू, मागं पाहू नोको. मी पाह्यलं नाही. तुले दारात पाह्यलं आन् मले तेच... मले दुसरं काही सुचलं नाही."

तीस वर्षे एका गावात राहून त्यांनी हे कोणाला सांगितले नव्हते. रागाला धरायला जागा उरली नाही आणि राग तर होताच. मी राहेलला चहा ठेवायला सांगितले. ते माझ्या ओट्यावर बसून चहा प्याले. पुढच्या रविवारी मी गेलो. चटईवर आम्ही दोघे बसलो, मध्ये एक हात अंतर. आतले लोक गीत गाताना माना वळवून पाहत होते.

त्या प्रार्थनेतली ती जागा आता कधी तोंडाने निघते, कधी नुसते ओठ हलतात. खोटे सांगून काय उपयोग?

वर्षाचा शेवट

शेवटच्या बुधवारी बाईंनी दोन्ही कानांच्या पाळ्या आणि पाठीवरचा चट्टा चिरून काचेवर घेतला. "शुक्रवारी या." गुरुवारी तशाच तापात गोठ्यात जाऊन एका बैलाला उगीच मारले आणि मग त्याच्या मानेला धरून उभा राहिलो. राहेलने माझे दोन सदरे आणि एक घोंगडी धुऊन घडी घालून ठेवली होती. कशासाठी, ते विचारावे लागले नाही.

शुक्रवारी एकटाच गेलो. बाई दुर्बिणीतून डोळा काढीनात. कितीतरी वेळाने म्हणाल्या, "कानात दिसत नाही. पाठीवर अजून आहे, थोडे आहे. वाढलेले नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे आणखी एक वर्ष बुधवार."

"कुठं, बाई?" मी विचारले. "कुठं राहून?"

"घरी, पौलस. पथ्ये सर्व तीच. पण घरी."

मी काही घासाघीस केली नाही. बाईंना त्याचे नवल वाटले असावे.

घरी आलो तेव्हा दिवा लागला होता. राहेलने माझ्या तोंडाकडे पाहिले. मी जायचे नाही म्हणून मान हलवली. ती आत गेली, घोंगडी उचलून परत पेटीत ठेवली आणि येऊन जागेवर बसली. तिने हातपाय पाहिले. शांतीने वाचले, एकही ओळ न गाळता. मग प्रार्थना माझ्याकडे आली.

मला शब्द सापडेनात. आयुष्यभर कुठल्याही माणसापुढे माझे शब्द अडले नव्हते. पुढच्या वर्षाची भीती तर तशीच बसली होती, पाठीवर, जिथे मला पाहता येत नाही.

"बाबा, म्हणा ना," शांती आतून म्हणाली.

"देवा," मी म्हणालो, "आज मी घरी हाये."

मी श्वास घेतला. पुढे मी पुन्हा सौद्याची एखादी अट घालीन की काय या भीतीने असेल, राहेलने लगेच 'आमेन' म्हटले.